सल्काटाच्या पिल्लांचं रोजचं सोकिंग: उन्हाळ्याचा अपडेट

सल्काटा या आफ्रिकन कासवाची माझी तीन पिल्लं आता छान रुळलीत, आणि त्यांचं सोकिंग, म्हणजे रोज थोडा वेळ कोमट पाण्यात बसवणं, तेही नीट चालू आहे. मागच्या वेळी वजनं टाकली होती त्यानंतर बराच फरक पडलाय, चिंगी ३४ ग्रॅमवरून ५८ वर आलीय, ढब्बू तर ७१, आणि बंड्या सगळ्यात बारका, तो ४९ वर आहे पण त्याचाही काटा दर आठवड्याला थोडा तरी पुढे सरकतोच. वजनापेक्षा मला जास्त आनंद पाठीचा आहे. प्रत्येक खवल्याच्या कडेने नवीन वाढीची फिकट पट्टी येतेय ना, ती एकदम सपाट आहे, बोट फिरवलं तर कुठेच उंचवटा लागत नाही.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, आम्ही अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सला राहतो आणि मैत्रिणीच्या बॅकयार्डमध्ये तिच्या मादीने अंडी घातली होती त्यातली ही तीन पिल्लं तिने मला दिली. (विकत शोधत असाल तर लक्षात ठेवा, ४ इंचांपेक्षा लहान कासव पेट म्हणून विकायला अमेरिकेत १९७५ पासून बंदी आहे, लहान मुलांना साल्मोनेला जंतूंचा संसर्ग व्हायचा म्हणून.)

बरेच जण विचारतात की सल्काटा वाळवंटातलं कासव, मग त्याला रोज पाण्यात कशाला बसवायचं? अहो, ते सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातलं आहे, सेनेगल, माली, चाड, सुदान वगैरे, आणि तिथे पावसाळा असतो, शिवाय उरलेला वेळ ही कासवं जमिनीखाली खोल बिळात काढतात, तिथली माती गार आणि दमट असते. आमच्याकडे जूनमध्ये दुपारी हवेतला ओलावा १० टक्क्यांच्या खाली जातो, वर घरात एसी. एवढंसं पिल्लू त्यात किती पटकन सुकेल विचार करा. व्हिएन्नात सल्काटाच्याच पिल्लांवर एक अभ्यास झाला होता, २००३ मध्ये छापून आला, त्यात दिसलं की पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात त्याला कोरडी हवा हे मोठं कारण आहे, प्रोटीनचा परिणाम त्यामानाने फार कमी. आधी सगळे प्रोटीनलाच दोष द्यायचे. म्हणून पिल्लं राहतात तो बॉक्स वरून बंद असतो, खाली ओला कोकोपीट, ओलावा ८० टक्क्यांच्या आसपास, आणि रात्री तापमान २७ सेल्सियसच्या खाली जाऊ देत नाही.

आता सोकिंग. रोज सकाळी, खाण्याच्या आधी, साधारण अर्धा तास. टब उंच भिंतींचा आणि अपारदर्शक घ्या, काचेचा किंवा ट्रान्स्परंट घेतला तर ती पलीकडचं बघून सारखी भिंतीला धडका देत बसतात. पाणी कोमट, ३२ ते ३५ सेल्सियस, आणि उंची एवढीच की वरचं आणि पोटाकडचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंत यावं, मान वर केली की नाक आरामात बाहेर राहिलं पाहिजे. पाणी मधे गार होतं त्यामुळे मी एकदा बदलतेच, गार पाण्यात ती हलायचीच बंद होतात. साबण, मीठ, तेल काहीही घालायचं नाही. आमचं पाणी जड आहे त्यामुळे वाळल्यावर पाठीवर पांढरे डाग दिसतात, त्याने काही होत नाही. टब फक्त त्यांचाच, किचनच्या सिंकमध्ये कधीच नाही, आणि नंतर हात साबणाने धुवायचे.

पाणी पितानाचं दृश्य बघण्यासारखं असतं. आधी मान पूर्ण लांब करतात, मग नाकासकट तोंड पाण्यात बुडवतात आणि तसंच ठेवतात, घशाखालची कातडी बारीक बारीक वरखाली होत राहते. ढब्बू डोळे मिटून पितो. त्यानंतर पाच-दहा मिनिटांत शी होते आणि तिच्याबरोबर युरेट (लघवीतला पांढरा घट्ट भाग) पडतं, तेच मी रोज नीट बघते. पांढरं, मऊ, दह्यासारखं असलं तर शरीरात पाणी पुरेसं आहे. चिमटीत वाळूसारखं खरखरीत लागलं तर पाणी कमी पडतंय, आणि हे असंच चालू राहिलं तर पुढे मूत्राशयात खडा होऊ शकतो. त्यामुळे सोकिंग म्हणजे मला रोजची तपासणीच वाटते, डोळे उघडे आहेत का, नाकातून बुडबुडे येत नाहीत ना, चारही पाय सारखे चालतात का, सगळं त्या अर्ध्या तासात दिसतं.

आणि व्यायाम! प्यायचं झालं की तिघंही भिंतीकडेने गोल गोल चालायला लागतात, पाण्याच्या विरोधात पाय मारत. बंड्या सुरुवातीला एका कोपऱ्यात बसून राहायचा, आता तोच सगळ्यात जास्त फिरतो आणि बाहेर काढलं की थेट खाण्याकडे पळतो. खाण्यात गवत, तुतीची आणि जास्वंदीची पानं, फड्या निवडुंग. फळं नाहीत.

पुण्या-मुंबईहून मेसेज येतात त्यांच्यासाठी, आपल्याकडचं स्टार कासव घरी पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, कितीही गोड दिसलं तरी कुणाकडून घेऊ नका प्लीज.

पुढचा प्लॅन असा की पावसाळी ढग आले आणि हवा जरा दमट झाली की सकाळी थोडा वेळ बाहेर सावलीत गवतावर सोडायचं. सोकिंग मात्र पहिलं वर्षभर रोजच ठेवणार. सल्काटा शीतनिद्रा घेत नाही, त्यामुळे थंडीतही सुट्टी नाही. टब आता तिघांना अपुरा पडायला लागलाय, मोठा आणते आणि रविवारी नवीन वजनं टाकते, तुमच्या पिल्लांचीही टाका.