ठिपके पडद्यावर, बोटं उघड्यावर

पासवर्डच्या चौकटीत अक्षरांच्या जागी काळे ठिपके उमटतात आणि आपण निर्धास्त होतो. ठिपके झाकतात स्क्रीन. गुपित फुटतं बोटांवरून, आणि बोटं झाकायची सोय आपली आपणच करायची असते.

मी ऑफिसात आयटी सपोर्टला आहे. दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या टेबलापाशी उभी असते, आणि अडलेलं काम दाखवण्याआधी समोरचा माणूस लॉगिन करतो. मी मान वळवते. पण कान कुठे वळवणार? एकच बटण लागोपाठ दोनदा वाजलं की तेच अक्षर दोनदा आलंय हे कळतं. मध्येच हात अडखळला, शिफ्ट दाबली गेली, की बहुतेक ॲट द रेट. शेवटी उजवा हात नंबरपॅडकडे सरकतो आणि चार वेळा टकटक होते. हे जवळजवळ नेहमी साल असतं, स्वतःच्या नाहीतर पोरांच्या जन्माचं. एवढ्यावरून पासवर्ड कळत नाही, पण त्याचा सांगाडा हाती येतो. घरातली नावं ठाऊक असलेल्या माणसाला सांगाडा पुरतो.

अकाउंट्समधले एक ज्येष्ठ सहकारी मला दरवेळी म्हणतात, "अगं, तोंड कशाला फिरवतेस? तुझ्यापासून काय लपवायचंय?" खरी अडचण ही आहे. हात आडवा धरला की शेजारच्यावर संशय घेतल्यासारखं वाटतं, म्हणून भिडेखातर लोक उघड्यावर टाइप करतात. मी त्यांना वर बोट दाखवते. "काका, माझं सोडा. तुमच्या डोक्यामागे छताला तो कॅमेरा आहे ना, तो तुमचा कोण लागतो?"

डोळ्यात आणि कॅमेऱ्यात मोठा फरक आहे. डोळा एकदाच बघतो आणि निम्मं विसरतो. कॅमेऱ्यातलं चित्रण मागे-पुढे करून, हळू करून, मोठं करून पाहता येतं. नुसत्या डोळ्याची गोष्ट घेतली तरी फोन उघडायला आपण काय वापरतो यावर बरंच ठरतं. अमेरिकेत २०१७ साली एका प्रयोगात लोकांना फोन अनलॉक होतानाचे व्हिडिओ दाखवले. सहा आकडी पिन एकदा पाहून साधारण ११ टक्के वेळा ओळखता आला. सहा ठिपके बोटाने जोडून काढलेला पॅटर्न मात्र ६४ टक्के वेळा! बोटामागे उमटणारी रेघ बंद केली तर हाच आकडा ३५ टक्क्यांवर आला. आकार डोक्यात बसतो, आकडे बसत नाहीत. पॅटर्न वापरणाऱ्यांना मी सरळ पिनवर या म्हणते.

स्क्रीनवर राहणारे तेलकट ठसे हा वेगळाच प्रकार. त्यातला हिशेब मला फार आवडतो. पिन चार आकडी असेल आणि चार वेगळ्या आकड्यांवर ठसे दिसले, तर त्यांचे क्रम २४. तीनच आकड्यांवर ठसे असतील, म्हणजे एक आकडा दोनदा आला असेल, तर शक्यता ३६. वाटतं त्याच्या नेमकं उलट. अर्थात फोन शर्टाला पुसला की हा सगळा हिशेब मिटतो.

एटीएमवर कार्ड वाचणारं खोटं यंत्र बसवतात, तेव्हा पिनसाठी बहुधा जोडीला छोटा कॅमेरा असतो. कीपॅडच्या वरच्या पट्टीत किंवा पत्रकांच्या खोक्यात दडवलेला, म्हणजे वरून बघणारा. बाजूने हात धरून उपयोग नाही, पंजाचं छप्पर करायला हवं. तेही पुरेलच असं नाही. इटलीतल्या पादुआ आणि नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी २०२२ साली झाकलेल्या हातांच्या चित्रणावर संगणक शिकवून तयार केला. तीन प्रयत्नांत त्याने चार आकडी पिनांपैकी ४१ टक्के ओळखले, हात झाकलेला असूनही. मनगटाची आणि बोटांच्या पेरांची हालचाल त्याला पुरली. हात जितका जास्त झाकलेला, तितका अंदाज घसरतो, म्हणून पंजा कीपॅडला जवळजवळ टेकेल इतका खाली आणायचा.

बटणांवर राहणारी बोटांची उष्णता थर्मल कॅमेऱ्याला दिसते. ग्लासगो विद्यापीठाने २०२२ मध्ये दाखवलं, की टाइप केल्यावर वीस सेकंदांच्या आत फोटो मिळाला तर ८६ टक्के पासवर्ड ओळखता येतात. यावर उपाय सोपा, पिन टाकून झाला की सगळ्या बटणांवर पंजा टेकवायचा. मी टेकवते. मागे उभे असलेले बघतात, बघू देत.

याच्या पलीकडे गेलेला माणूस म्हणजे अमेरिकी सरकारची गुपितं फोडणारा एडवर्ड स्नोडेन. २०१३ साली हाँगकाँगच्या हॉटेलात पत्रकारांसमोर पासवर्ड टाकताना तो डोकं आणि लॅपटॉप दोन्हींवर मोठं लाल कापड घ्यायचा, छतातल्या कॅमेऱ्याच्या धास्तीने. दुसऱ्या टोकाला अमेरिकी रॅपर कान्ये वेस्ट. त्याने २०१८ मध्ये व्हाइट हाउसमध्ये, जगभरच्या कॅमेऱ्यांसमोर आपला आयफोन सहा शून्यं दाबून उघडला. आपण सगळे या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो, पण बहुतेक जण कान्येच्या बाजूला.

स्क्रीनवर लावायची प्रायव्हसी फिल्म लोक हौसेने घेतात. बाजूने बघणाऱ्याला ती काळी दिसते हे खरं, पण थेट पाठीमागच्याला सगळं दिसतं आणि बोटं तर कुणालाही दिसतात. काही संकेतस्थळांवर बटणं इकडे-तिकडे विखुरलेला कीबोर्ड स्क्रीनवर येतो. तो कळा टिपणाऱ्या छुप्या प्रोग्रामविरुद्ध ठीक आहे. पण माउस घेऊन एकेक अक्षर शोधत बसणाऱ्या माणसाच्या मागे उभं राहिलात, तर वहीत उतरवून घेण्याइतका वेळ मिळतो. मला तो अजिबात आवडत नाही.

म्हणून माझा सगळा भर चारचौघांत टाइपच न करण्यावर असतो. बाहेर असताना फोन बोटाच्या ठशाने उघडायचा. संकेतस्थळांचे पासवर्ड ते साठवून ठेवणाऱ्या ॲपला, म्हणजे पासवर्ड मॅनेजरला भरू द्यायचे, म्हणजे वीस अक्षरी असला तरी एकही बटण वाजत नाही. जिथे पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्येच राहणारी डिजिटल किल्ली चालते, तिथे ती घ्यायची, कारण त्यात बघण्यासारखं काही उरतच नाही. लॉगिनसाठी सतत नवा कोड देणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपचा कोड कुणी पाहिला तरी साधारण अर्ध्या मिनिटात तो बदलतो. उरतो लॅपटॉप सुरू करतानाचा पासवर्ड आणि फोनचा मूळ पिन, जो रीस्टार्टनंतर टाकावाच लागतो. हे दोन्ही भिंतीला पाठ लावून. पिन पाहून मग फोन हिसकावणारे चोर वाढले, तेव्हा ॲपलने जानेवारी २०२४ मध्ये चोरीच्या फोनसाठी वेगळं संरक्षण आणलं. अनोळखी ठिकाणी खात्याचा पासवर्ड बदलायचा तर त्यात चेहरा किंवा बोट लागतं आणि वर तासभर थांबावं लागतं. ते चालू आहे का, हे सेटिंगमध्ये एकदा बघून घ्या.

अँड्रॉइडवाल्यांनी सेटिंगच्या शोधचौकटीत 'पासवर्ड' टाकावं. टाइप केलेलं शेवटचं अक्षर क्षणभर दाखवणारं बटण तिथे सापडेल, ते बंद करा. पॅटर्नची रेघ लपवण्याचं बटण स्क्रीन लॉकच्या बाजूचं चाक दाबलं की मिळतं. काही फोनांत पिनचे आकडे दरवेळी उलटसुलट मांडायचीही सोय असते. चार दिवस चिडचिड होईल, पण चालू ठेवा.