तुम्ही विचारलंत म्हणून: पाचवीच्या पोरांना वाचता का येत नाही?

"पाचवीतल्या पोरांना साधं वाचता येत नाही म्हणे. मग तुम्ही शाळेत करता तरी काय?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, एसटीत, पुण्याच्या नणंदेच्या दिवाणखान्यात आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना विचारला गेलाय. प्रश्नामागून पगाराचा आकडा येतो, आणि तो बहुतेक वेळा माझ्या पगाराहून मोठा असतो. त्यानंतर परितेवाडीच्या डिसले गुरुजींचं नाव निघतं. २०२० साली त्यांना शिक्षकांसाठीचा जागतिक पुरस्कार मिळाला तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते हो. पण त्या दिवसापासून आम्हा बाकीच्यांना जो तो 'मग तुम्हाला का जमत नाही' असं विचारतोय.

तर सांगते. वाचता येत नाही हे खरं आहे. २०२४च्या 'असर'च्या, म्हणजे 'प्रथम' संस्थेच्या पाहणीत देशभरातल्या खेड्यांतल्या सरकारी शाळांत पाचवीची ४४.८ टक्के मुलं दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचू शकली. निम्म्याहून जास्त अडखळली. माझ्या वर्गातही अडखळणारी आहेत. ते मी नाकारत नाही, लपवत नाही, आणि दरवर्षी कुणीतरी बातमी फॉरवर्ड करून मला कळवावं अशीही गरज नाही.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका वस्तीवर शिकवते. दोन शिक्षक, पाच वर्ग. ऊसतोडीचं मी नव्याने काय सांगायचं, तुम्ही बातम्यांत पाहता. फक्त एक लक्षात घ्या. टोळ्या पोराबाळांसकट दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि येतात ते उन्हाळा लागल्यावर. म्हणजे शाळेचं अख्खं दुसरं सत्र. पाचवीच्या गणितातले दशांश अपूर्णांक दुसऱ्या सत्रात, पाचवीला शिष्यवृत्तीची परीक्षा होती तोवर तीही फेब्रुवारीत, वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये. आमच्या वर्गातली बरीच मुलं पटावर असतात, वर्गात नसतात. पहिलीपासून पाचवीपर्यंत दरवर्षी अर्धंच वर्ष शाळा मिळालेलं पोर तुमच्या हिशेबाने पाचवीत असतं. माझ्या हिशेबाने ते अडीच वर्षं शाळेत आलंय. त्याला दुसरीचा उतारा वाचता येत नसेल तर त्यात नवल काय?

यावर नणंद म्हणते, "कारणं द्यायला तुम्ही लोक पटाईत." आणि गंमत म्हणजे, नोकरीच्या सुरुवातीला मीही हेच म्हणायचे. केंद्रसंमेलनात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, उभी राहून मी तावातावाने बोलले होते की गरिबी ही शिक्षकाची पळवाट आहे, शिक्षकाने मनावर घेतलं तर दगडालाही अक्षर फुटेल. टाळ्या पडल्या होत्या. मागच्या बाकावरचे एक जुने गुरुजी तेवढे हसले. मला त्यांचा राग आला होता.

त्या पोरीचं, म्हणजे तेव्हाच्या माझं, सगळंच चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. आमच्याच वस्तीवर काही घरं आहेत, जी तोडीला जात नाहीत. मेंढ्या राखतात, रोजंदारी करतात. पैशाने तीही काही बरी नाहीत. त्यांची पोरं धडाधडा वाचतात. शिक्षक तेच, पुस्तक तेच, खिचडीही तीच. म्हणून 'गरीब आहेत, शिकणार कसे' असं कुणी सहकारी म्हणाला की माझं डोकं फिरतं. गरिबाचं पोर शिकतं. गरिबी त्याच्याकडून दिवस काढून घेते, आणि दिवसच काढून घेतले की शिकवणारा कितीही मोठा असो, शिकवणार कुणाला? असं मी आज मानते. पण मग मला हेही दिसतं की काही शिक्षक या वाक्याच्या आडोशाला निवांत बसतात. ती मंडळी मला माहीत आहेत. नावं सांगणार नाही.

आता मुक्ताचं सांगते. नाव बदललंय.

२०२३ साली मुक्ता पाचवीत आली. त्याआधीची दोन वर्षं आजी घरी असायची, म्हणून ती हंगामी वसतिगृहात होती. वसतिगृह म्हणजे इमारत वगैरे नाही. मूल आजी-आजोबांकडे राहतं, दोन वेळचं जेवण गावात शिजतं, अनुदान सवडीने येतं आणि तोवर किराणावाला आमच्या तोंडाकडे बघून उधार देतो. पण चालतं. मुक्ता त्यावर टिकली आणि तिने अशी काही झेप घेतली की शिष्यवृत्तीला बसवायचीच हे मी ठरवून टाकलं. शाळा सुटल्यावर थांबवून घेऊन तिच्याकडून सराव करून घ्यायचे. उतारा वाचताना ती स्वल्पविरामाला बरोब्बर थांबायची. हे तुम्हाला क्षुल्लक वाटेल. पहिलीपासून शिकवणाऱ्याला विचारा.

त्या पावसाळ्यात आजी गेली आणि घरात तान्हा भाऊ आला. दसरा झाल्यावर मला कळलं की या वर्षी मुक्ताही निघाली. मी घरी गेले. आईबाप दोघंही बसलेले, टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन झालेली. मी शिक्षण हक्क कायदा काढला, शिष्यवृत्ती काढली, मावशीकडे ठेवा म्हटलं, शेवटी आवाज चढवला. बापाने सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमचं खरंय. पण लेकराला कोण सांभाळल? ही फडात नाही आली तर माझा अर्धा कोयता होतो. अर्ध्या कोयत्यात उचल फिटती का, तुम्हीच सांगा."

मला सांगता येईना. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको तान्ह्याजवळ बसली की अर्धा. मुक्ताने तान्ह्याला धरलं की पुन्हा पूर्ण. त्या घरात दहा वर्षांच्या पोरीची किंमत अर्धा कोयता होती. आणि तिने शाळेत यावं म्हणून सरकार काय देतं? दारिद्र्यरेषेखालच्या मागास आणि भटक्या-विमुक्त घरांतल्या मुलींना रोजचा एक रुपया उपस्थिती भत्ता. हा रुपया १९९२चा आहे, तेव्हापासून वाढला नाही. तोही चौथीपर्यंत. पाचवीतल्या मुक्ताला तेवढाही नव्हता.

मग आईने एकदाच तोंड उघडलं. "पोरगी मोठी व्हाया लागली मॅडम. कुणाच्या जिवावर ठिऊन जाऊ?" यापुढे कायदा बोलायचा तरी कसा?

मी शिक्षण हमी कार्ड भरून दिलं. जिथे टोळी उतरेल तिथल्या शाळेने मुलाला बसवून घ्यावं यासाठी ते असतं.

जानेवारीत पश्चिम महाराष्ट्रात नातलगाकडे लग्न होतं. तिथून जवळच्या कारखान्याच्या तळावर मुक्ताची टोळी असल्याचं फोनवर कळलं होतं. सरावाच्या प्रश्नपत्रिका पिशवीत घालून मी गेले. लग्नाची साडी तशीच होती, त्यामुळे कोप्यांमधली, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांमधली, सगळी पोरं माझ्यामागे. मुक्ता एका कोपीच्या दाराशी बसली होती, कडेवर भाऊ, समोर वही. माझीच गणिताची वही, उलट्या बाजूने उघडलेली.

वहीत तारखा होत्या, ट्रॅक्टरचे नंबर होते आणि टनांतली वजनं. १८.४६०. २०.११५. काट्यावरची पावती आली की भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करून उसाचं निव्वळ वजन ती स्वतः ताडून बघत होती. तिला दशांश अपूर्णांक मी शिकवले नव्हते. ते दुसऱ्या सत्रात येतात, आणि दुसऱ्या सत्रात ती इथे होती.

"टोळीत पावती वाचणारी हीच एकटी," बाप म्हणाला. गेल्या महिन्यात मुकादमाच्या वहीत एक खेप कमी लागली होती, ती मुक्ताने काढून दाखवली. मुकादमाने मुकाट्याने चढवली. टनामागे तोडीचा दर काय असतो ते माहीत असेल तर एका खेपेत किती कोयत्यांची मजुरी असते ते कळेल. त्याच जानेवारीत संप-वाटाघाटी होऊन दर ३४ टक्क्यांनी वाढला होता आणि नवा दर कोणत्या तारखेपासून धरायचा हेसुद्धा टोळीतली मोठी माणसं त्या पोरीला विचारत होती. बाप खुशीत होता. "तुमच्यामुळं आता आम्हाला कोणी टोपी घालीत नाही मॅडम."

माझी छाती फुगली, हे कबूल करते. आणि त्याच क्षणी मला असं वाटलं की मी या पोरीला टोळीतून सोडवायला शिकवत होते, आणि शिकल्यामुळे ती टोळीला आणखीनच हवीहवीशी झाली. आता तान्हा मोठा झाला तरी तिला सोडतील का?

कार्ड ट्रंकेत होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, नीट घडी करून. शाळा तळापासून लांब होती, वाटेत उसाच्या गाड्यांचा रस्ता. प्रश्नपत्रिका मुक्ताने हातात घेतल्या, पहिला उतारा वाचायला लागली. अडखळली. स्वल्पविरामावरून सरळ पुढे गेली. तेवढ्यात भाऊ रडायला लागला आणि तिने कागद माझ्याकडे परत दिले. "तुमच्याकडंच ठिवा मॅडम, इथं दव पडतं."

मी चहा घेतला आणि निघाले. गाडीत नवऱ्याने विचारलं, झालं का काम. मी त्याच्यावर उगाचच खेकसले.

शिष्यवृत्ती हुकली. वार्षिकही हुकली, टोळी उशिरा परतली. त्याच वर्षापासून पाचवीला नापासाची तरतूद आली होती. जूनमध्ये पुनर्परीक्षा, त्यातही नापास तर पुन्हा पाचवी. मुक्ता पुनर्परीक्षेला बसली. गणितात दशांशाची उदाहरणं एकूण एक बरोबर, भूमितीची पानं कोरी. मराठीत पत्रलेखन होतं, त्यात मायन्याखाली दोन ओळी. पास झाली, पण कशीबशी. तुम्ही तिची उत्तरपत्रिका पाहिलीत तर मला विचाराल, 'पाचवीच्या पोरीला पत्र लिहिता येत नाही?'

मी हे सहसा कुठे सांगत नाही, कारण सांगितलं की दोन प्रकारची माणसं भेटतात. एक डोळे पुसतात आणि दप्तरं वाटायला येतात. दप्तरांचं काय करू? आमच्याकडे ढीग आहे. दुसरी म्हणतात, आईबापच अडाणी, त्यांना शिक्षणाची किंमत नाही. अहो, किंमत आहे म्हणून तर त्या माणसाने टोळीभर पावत्या पोरीच्या हातात दिल्या! १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी लिहून दिलं होतं की कुणबी आणि गरीब वर्गातली पोरं शाळेत टिकत नाहीत याचं कारण दारिद्र्य आहे, घरच्यांना ती गुरं राखायला आणि शेतावर लागतात, आणि त्यांना टिकवायचं तर काही उत्तेजन द्यावं लागेल. त्यानंतर आम्ही एक रुपयापर्यंत पोचलो.

मधल्या काळात आमच्याकडून मात्र सगळं काही भरून घेतलं जातं. आधार जुळलं नाही तर मूल संच मान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवण्याच्या हिशेबात, धरत नाहीत, आणि पट घसरला की शिक्षकाचं पद जातं. म्हणून स्थलांतरित मुलांची नावं आम्ही पटावर घट्ट धरून ठेवतो. मुलांसाठी धरतो की पदासाठी, हे मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. दोन्ही असेल. खिचडीचं तेवढं निर्विवाद आहे. सोमवारी ती जास्त शिजवावी लागते. का, ते तुम्हीच समजून घ्या.

बरं, मग उपाय काय, असं नणंदेने परवा विचारलं. हंगामी वसतिगृहाचे पैसे हंगामाआधी आले तर फरक पडेल. तळाजवळ तान्ह्यांसाठी पाळणाघर झालं तर मुक्तासारख्या कितीतरी पोरी मोकळ्या होतील, हे मला शाळेत संगणक येण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. पण हे मी खात्रीने म्हणते तेवढ्यात ती केंद्रसंमेलनातली पोरगी मध्ये तोंड घालते. म्हणजे पाळणाघर होईपर्यंत तू हात जोडून बसणार? पहिल्या सत्रातल्या दिवसांत तू मुक्ताला आणखी पक्कं केलं असतंस तर ती पुढचे महिने विसरली नसती? कदाचित. हल्ली मी पहिल्या सत्रात फक्त वाचनच रेटते, दशांश आधी घेते आणि पाठ्यक्रमाचा क्रम सरळ मोडते. तपासणीला आलेले साहेब नाराज होतात. पोरं टिकतात का? काही टिकतात.

मुक्ता आता शेजारच्या गावात सातवीला आहे. मागच्या हंगामात गेली होती.

आणि हो, पगारानंतरचा तुमचा हुकमी प्रश्न राहिलाच: माझा मुलगा कुठे शिकतो. बीडला, इंग्रजी शाळेत. माझ्या शाळेत का नाही, याला मी आजवर भाषेचं, अंतराचं, नवऱ्याच्या नोकरीचं कारण सांगत आले. खरं कारण असं की त्याच्या वर्गातली सगळी पोरं दिवाळीनंतरही वर्गात असतात. नणंद यावर म्हणाली, "म्हणजे तुझाच तुझ्या शाळेवर विश्वास नाही." मी म्हटलं, शाळेवर आहे. पुढे काय म्हणायचं ते सुचलं नाही, आणि तोवर तिने भाजी वाढायला घेतली होती.