तारेचे वेढे

हरभऱ्याला पाणी द्यायच्या ऐन वेळी मोटार जळली. रात्रीची लाइन, त्यात व्होल्टेज कमी. सकाळीच राळेगावला वायंडिंगवाल्याकडे नेली. हा माझा वर्गमित्र, दहावीला गणितात दोनदा गचकलेला. मी वर्गात पहिला. आता मी मास्तर आहे, आणि त्याच्या हाताखाली चार पोट्टे आहेत.

त्यानं जळकी तार उपसली, वेढे मोजले आणि एक तेलकट रजिस्टर काढलं. "तुयी मोटार 2019 मंदी आली होती बे, बेरिंग बदललं होतं." गाव, तारीख, तारेचा गेज, वेढे, सगळं लिहिलेलं. अक्षर मात्र तेच, कोंबडीच्या पायाचं!

बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी 1991 मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलं होतं. सगळ्या प्रकारच्या कामांत कामगिरीशी नातं सांगणारा स्वभावगुण एकच सापडला: नेटकेपणा, जबाबदारीनं काम तडीस नेणं. टर्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं तर 1921 पासून बुद्ध्यांकावर हुशार पोरं निवडली. त्या चाचणीत न बसलेले शॉकली आणि अल्व्हारेझ पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल घेऊन गेले.

पण शाळेत याचा नेटकेपणा कोणी मोजला असता तर शून्य आला असता. गृहपाठाची वही कधी आणलीच नाही पठ्ठ्यानं. न राहवून विचारलं, असं रजिस्टर तेव्हा का नाही ठेवलं?

"शायेत कोनाची मोटार बंद पडली होती?"

उद्या दुपारी ये म्हणाला.