तापमानाचा काटा चढला तेव्हा

वाळवंटातल्या सरळसोट रस्त्यावर तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकायला लागला. आधी एसी बंद केला आणि हीटर फुल्ल लावला. भर उन्हात जीव नकोसा होतो, पण इंजिनाची थोडी उष्णता तरी केबिनमध्ये ओढली जाते. तरी काटा उतरेना, म्हणून गाडी बाजूला घेतली. रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला क्लिपजवळ बारीक चीर, तिच्यातून हिरवट कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, फुसफुसत होतं. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. आत दाब असल्यामुळे पाणी 100 अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की उसळून थेट तोंडावर येतं. इंजिन पुरतं निवल्यावर चिरलेलं टोक कापलं, पाइप पुन्हा बसवला, पाणी भरलं. पिण्याचं पाणी वेगळं, त्यातला थेंबही रेडिएटरला नाही. आणि गाडी सोडून चालत निघणं तर नकोच. दुरून माणूस दिसत नाही, गाडी दिसते.