कोणाचा गो चेडू तू?

आज सकाळी तुतारी एक्स्प्रेसने कुडाळला उतरले. बाजारात सोलं घेताना सवयीने म्हटलं, "पाव किलो द्या ना." विकणाऱ्या आजीने तराजू तसाच धरला. "कोणाचा गो चेडू तू?" आजोबांचं नाव सांगितलं, तसा तिचा चेहरा खुलला. आणि माझ्या तोंडून मालवणी सुटली, 15 वर्षं मुंबईत गिळून ठेवलेली. कॉलेजात एकदा "कुठे"ऐवजी "खंय" म्हटलं तर मुलं हसली होती. तेव्हापासून घरीसुद्धा बोलायची सोडली. (आईला लागलं असणार. कधी बोलली नाही.) ऑफिसात मी मॅडम. इथे आजोबांची नात, आणि तीच मला खरी वाटली. आजीने मूठभर सोलं वर टाकली. "परत येतलंस मा?"

"येतलंय गे," म्हटलं. आवाज भरून आला.

आता आईला फोन लावतेय. मालवणीतून.