निवडुंगाजवळ कोणी जायचं?

बागेत ‘झाडांना हात लावू नये’ अशी पाटी असते आणि संग्रहालयात तर कशालाच हात लावायचा नसतो. क्रिस्टा सोमरर आणि लॉराँ मिन्योनो या कलाकार जोडीनं १९९२मध्ये एका कलाकृतीत दोन्ही पाट्या एकदम गुंडाळून ठेवल्या. ती ऑस्ट्रियाची, वनस्पतिशास्त्र शिकून शिल्पकलेकडे वळलेली. तो फ्रेंच, व्हिडिओकलेतला.

अंधारी खोली, पाच खऱ्याखुऱ्या कुंड्या, समोर मोठा पडदा. नेच्यावरून हात फिरवला की पडद्यावर नेचे उगवतात, वेलीला बोट लावलं की वेल चढते. आपल्या अंगात आणि झाडात विद्युतदाबाचा किंचित फरक असतो, तो मोजला जातो. त्यामुळे पानाला टेकायच्या आधीच, नुसता हात जवळ आला तरी संगणकाला सुगावा लागतो.

खऱ्या झाडाचं नेमकं उलटं असतं. सारखं चाचपलेलं रोप बुटकंच राहतं. मार्क जॅफे या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९७३मध्ये या गुणाला भलंमोठं शास्त्रीय नावही दिलं. (आमच्या गॅलरीतल्या लाजाळूला बोट लावल्याशिवाय एकही पाहुणा चहाला बसत नाही. ते वाढत का नाही, हे मग कळलं.)

या कामाचे व्हिडिओ पाहताना मला पडद्यापेक्षा माणसांचे हातच दिसत राहतात. डोळे पडद्यावर, आणि हात कुंडीत, वीज गेल्यावर भिंतीवरचं बटण शोधावं तसा. पडद्यावरचं सगळं रान ज्या झाडामुळे उगवलं, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

पाचव्या कुंडीत निवडुंग आहे. त्याच्याजवळ हात नेला की पडद्यावरचं सगळं पुसलं जातं. सगळ्यांनी मिळून वाढवलेलं रान एकाच्या बोटानं साफ! मला ही जोडी आवडते ती या खोडसाळपणासाठी. दोन वर्षांनी त्यांनी पाण्याची टाकी मांडली. आपण पडद्यावर बोटानं आकार काढायचा, तो टाकीत जिवंत होऊन पोहू लागणार, आणि आकार बेंगरूळ असला तर दुसरा त्याला गट्टम करणार. वाचवायचा असेल तर पाण्यात हात घालायचा.

कुंड्यांचं काम आता जर्मनीत कार्ल्सरूहच्या झेडकेएम संग्रहालयाकडे आहे. ते ज्यांवर चालायचं ते सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचे त्या काळचे संगणक आज शोधत फिरावं लागेल. नेचा मात्र वाळला तर कुठल्याही नर्सरीतून दुसरा आणायचा, चित्रात काही फरक पडायचा नाही. याचा मला थोडा रागच येतो.