अकराव्या महिन्यात सोडून दिलेला अर्ज

अणुभट्टीतले न्यूट्रॉन मोजणाऱ्या फिशन चेंबरमधून येणारा विद्युत स्पंद (पल्स) इतका क्षीण असतो की, लांब केबलमधून येताना त्यात बाहेरचा विद्युत गोंगाट सहज मिसळतो, आणि भट्टी सुरू करताना एकेक स्पंद मोजावा लागतो तेव्हा हीच गोष्ट फार जाचते. वाळूज एमआयडीसीतल्या माझ्या शेडमध्ये चेंबर नव्हता, तसे स्पंद तयार करणाऱ्या जनरेटर उपकरणातून ते यायचे. पण शेजारी आर्गन वेल्डिंगचा आर्क पेटला की माझ्या काउंटरचे आकडे धावू लागत. विद्युत लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर पाहिले, तर खरा स्पंद एकाच बाजूला उठून खाली बसत होता आणि वेल्डिंगचा मात्र शून्याच्या वरखाली हेलकावत विरत होता. या एका फरकावर मी खोटे स्पंद गाळणारे सर्किट उभे केले.

2019 साली या सर्किटच्या पेटंटसाठी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज भरताना ‘अणुभट्टीच्या सुरक्षिततेसाठी’ हे शब्द मी अभिमानाने पहिल्याच ओळीत घातले. त्यानंतर पूर्ण विनिर्देश, म्हणजे शोधाचे सविस्तर वर्णन, देण्यासाठी 12 महिने मिळतात. अकराव्या महिन्यात पेटंट एजंटकडे गेलो, तेव्हा त्यांनी त्याच ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हणाले, “साहेब, कलम 4 वाचलंय का?” 1970 च्या पेटंट कायद्याच्या त्या कलमानुसार, 1962 च्या अणुऊर्जा कायद्यातील कलम 20(1) मध्ये बसणाऱ्या शोधाला तेव्हा पेटंट मिळत नसे, आणि अणुऊर्जेच्या कामातील सुरक्षिततेचे शोधही त्यात येत. हे मी आधी वाचायला हवे होते.

दोन दिवस काही सुचले नाही. मग लक्षात आले की, स्पंद कुठून आला हे माझ्या सर्किटला कळतच नाही. इथल्या एका औषध कारखान्याच्या स्वच्छ कक्षात हवेतील धूलिकण मोजणाऱ्या लेझर काउंटरवर ते लावून पाहिले. तिथेही प्रत्येक कणामागे एकाच बाजूचा स्पंद येतो, आणि तिथेही ते चालले. अणुभट्टीपुरता भाग मी अणुऊर्जा कायद्याच्या कलम 20(4) प्रमाणे केंद्र सरकारला लेखी कळवला, जुना अर्ज अपुरा राहू दिला (अशा अर्जाची प्रसिद्धी होत नाही, म्हणून तो आडवा आला नाही) आणि धूलिकण काउंटरसाठी नवा अर्ज केला. अकरा महिन्यांची अग्रतारीख (शोधावरचा हक्क जिथून धरतात ती आधीची तारीख) गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

नव्या अर्जावर पेटंट कार्यालयाकडून आलेल्या तपासणी अहवालात कलम 4 नव्हते. आक्षेप ‘क्षीण स्पंद’ या शब्दांवर होता: क्षीण म्हणजे नेमका किती? मी मिलिव्होल्टमधली मर्यादा क्लेममध्ये (नेमक्या कशावर हक्क मागितला ते सांगणाऱ्या कलमात) घातली, सोबत ऑसिलोस्कोपवरची दोन चित्रे जोडली आणि सहा महिन्यांच्या मुदतीत उत्तर पाठवले. पेटंट त्याच क्लेमवर मिळाले.